राजसभा, राऊळ आणि आद्य मराठी कवयित्री

मध्ययुगीन राजसभांतील कवयित्रींचा विषय पदव्युत्तर वर्गात निघाला म्हणजे एक अडचण हटकून उभी राहते. संस्कृतातील, प्राकृतातील, तेलुगूतील उदाहरणे भराभर सांगता येतात. विजयनगरची गंगादेवी आपल्या पतीच्या मदुरास्वारीवर महाकाव्य लिहिते. तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या सभेत रामभद्रांबा आणि मधुरवाणी संस्कृतात काव्यरचना करितात. मग कोणी विद्यार्थी विचारतो, ‘मराठीतील कोणती?’ आणि आपण महदाइसा, मुक्ताबाई, जनाबाई ही नावे घेऊ लागतो. पण घेता घेताच ध्यानात येते की यांपैकी एकीचाही राजसभेशी आश्रिताचा संबंध नव्हता. उदाहरण मागितले एका गोष्टीचे आणि दिले भलत्याच गोष्टीचे, असा हा प्रकार होतो.

या अडचणीवर आपल्या वाङ्मयेतिहासांत दोन ठराविक उत्तरे आढळतात. पहिले असे की, यादवकाळी व त्यानंतरही मराठी स्त्रीला विद्येचा अधिकार नव्हता, म्हणून सभेत तिला स्थान नव्हते. दुसरे असे की, मराठी कवयित्रींचे काव्य हा भक्तीचा सहज उमाळा असल्याने राजसभेची, पर्यायाने कलेची, त्यांना गरजच नव्हती. ही दोन्ही उत्तरे वरवर परस्परविरोधी दिसली तरी त्यांचा परिणाम एकच होतो : कवयित्रीच्या रचनेकडे रचना म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही. पहिल्या उत्तराने ती अशिक्षित ठरते, दुसऱ्याने भाबडी. प्रस्तुत लेखात मला असे म्हणावयाचे आहे की, निदान आद्य मराठी कवयित्रीच्या बाबतीत हा निवाडा चुकीचा आहे. महदाइसेचे ‘धवळे’ हे राजसभेतील काव्याची जवळजवळ सर्व अंगे असलेले काव्य आहे. फरक इतकाच, की ज्या सभेत ते गाइले गेले तिच्या राजाला राज्य नव्हते.

ही गोष्ट मांडण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा संग्रह परंपरेने हाल सातवाहनाच्या, म्हणजे पैठणच्या राजसभेच्या नावावर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यापूर्वी भाषेच्या प्राचीनतेची जी चर्चा झाली तीत या ग्रंथाचे नाव वारंवार आले. टीकाकारांनी काही गाथांखाली रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशी स्त्रियांची नावे दिली आहेत. पण ती केवळ नावेच होत. कोणती गाथा कोणाची, याविषयी टीकाकारांत एकवाक्यता नाही, आणि संग्रहातील बहुसंख्य गाथांत बोलते ती स्त्रीच असल्याने ‘स्त्रीचा आवाज’ हा निकषही येथे निरुपयोगी ठरतो. राजाने संग्रह केला. त्यात स्त्रियांचे बोलणे भरपूर आले. स्त्रिया मात्र आल्या की नाही हे सांगणे कठीण, अशी ही स्थिती आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण कोकणातील आहे. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नेरूर व कोचरे येथील ताम्रपटांत विजयभट्टारिका या राणीचे दान नोंदलेले आहे. ती दुसऱ्या पुलकेशीचा मुलगा चंद्रादित्य याची राणी; काळ सातव्या शतकाचा मध्य. दुसरीकडे संस्कृत सुभाषितसंग्रहांत विज्जिका किंवा विजयांका नावाच्या कवयित्रीचे श्लोक येतात. दण्डीने सरस्वतीला सर्वशुक्ला म्हटले ते आपणा सावळीला पाहिले नव्हते म्हणून, अशी फुशारकी मारणारी ती हीच. राणी आणि कवयित्री या दोघी एकच, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. मानावयास आधार काय, तर नामसादृश्य आणि राजशेखराने विजयांकेला कर्णाटी म्हणून केलेला गौरव. ताम्रपटाने राणी जपली, सुभाषितसंग्रहाने कवयित्री जपली. दोन्ही टोके एकत्र बांधणारा दोरा मात्र कोणी जपला नाही.

राजशेखराचा उल्लेख आला तो बरा झाला. महाराष्ट्राशी आपल्या घराण्याचा संबंध अभिमानाने सांगणाऱ्या या काव्यशास्त्रज्ञाने ‘काव्यमीमांसे’त स्त्रियाही कवी होऊ शकतात असे स्पष्ट म्हटले आहे, संस्कार आत्म्यावर होतो, त्याला स्त्रीपुरुषभेद नाही, असे त्याचे कारण आहे. विधान उदार आहे यात शंका नाही, आणि ज्याचे ‘कर्पूरमंजरी’ हे सट्टक पत्नी अवंतिसुंदरीच्या इच्छेवरून रंगभूमीवर आले त्याला ते शोभतेही. परंतु विधानामागोमाग तो जी उदाहरणे देतो ती पाहण्यासारखी आहेत. राजकन्या, महामात्याच्या कन्या, गणिका, अशांची ती यादी आहे. म्हणजे त्याला दिसलेल्या विदुषी सर्वच्या सर्व राजवाड्याच्या आवारातल्या. आवाराबाहेरही कोणी स्त्री रचना करीत असेल, ही कल्पना त्या यादीत डोकावत नाही.

आवाराबाहेरच्या स्त्रीचा आवाज राजसभेला ऐकू येतच नव्हता, असे मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त, महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी प्रसिद्ध नोंद आहे. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातील प्रबंधांच्या विवेचनात ओवी आहे आणि धवलही आहे. हा धवल म्हणजेच मंगलप्रसंगी, विशेषतः विवाहात, गावयाचा ‘धवळा’. राजसभेने स्त्रियांच्या कंठातील गीतप्रकार ऐकले, त्यांची लक्षणे बांधली, त्यांना शास्त्रात जागा दिली. गाणाऱ्यांपैकी एकीचेही नाव मात्र टिपून ठेवले नाही. मुसळाचा ताल सभेपर्यंत पोचला, मुसळ धरणारी जात्या-उखळापाशीच राहिली. या नोंदीचा आपण ओवीच्या प्राचीनतेसाठी इतका उपयोग केला आहे की तिच्यातील हे मौन बहुधा आपल्या लक्षातच आलेले नाही.

आता राजशेखराच्या यादीपुढे मराठी कवयित्रींची यादी ठेवून पाहावी. तरुणपणीच वैधव्य आलेली आणि संन्यस्त झालेली महदाइसा; समाजाने वाळीत टाकलेल्या घरातली मुक्ताबाई; नामदेवाघरची दासी जनाबाई; चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई; मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा. दोन याद्यांत समान असे एकच पद सापडते, ते गणिकेचे. आणि नेमके तेथेच मराठी परंपरा राजशेखराला काट्यासारखी अडते. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त व इतरत्र आलेली कान्होपात्रेची कथा सर्वश्रुत आहे : बेदरच्या बादशहाचे बोलावणे येते आणि ती पंढरपुरात विठ्ठलाच्या पायी देह ठेवते. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न येथे गौण आहे. राजशेखराच्या हिशेबाने जी सभेत बसून काव्य करावयाची, तिला मराठी कथेने सभेच्या बोलावण्यावरून मरावयास लावले आहे. राजसभा आणि स्त्रीचे काव्य यांचे सख्य लोकमानसाला मुळातच मान्य नव्हते, याहून अधिक बोलका पुरावा दुसरा कोणता द्यावा?

आमच्या विभागाच्या भोवतालचा टापू पाहिला तरी हेच चित्र दिसते. चाकणचा किल्ला म्हणजे राजसत्तेचे ठाणे. १६६० मध्ये शायिस्तेखानाने त्याला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने तो झुंजविला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या किल्ल्यापासून थोड्याच कोसांवर मुक्ताबाईची आळंदी आहे, आणि आळंदीहून इंद्रायणीच्या काठाकाठाने वर गेले की बहिणाबाईचे देहू. आज या सर्व गावांमधून मोटारींच्या कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि आमचे बरेच विद्यार्थी त्याच भिंतींतून पाळी संपवून वर्गात येतात. एवढ्या लहान टापूत ठाणे आणि कवयित्री यांच्या वाटा एकमेकींना लागून गेल्या. एकमेकींत मिसळल्या मात्र नाहीत.

मग मराठी कवयित्रीला सभाच नव्हती काय? होती, पण ती शोधण्यासाठी आपल्याला वऱ्हाडात रिद्धपुरास जावे लागते. आज ज्या गावी मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे तेच हे गाव. तेराव्या शतकात येथे महानुभाव परंपरेतील गोविंदप्रभू राहत असत. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. ‘राऊळ’ हा शब्द ‘राजकुल’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. राजवाडा, मग देवालय, आणि आदरार्थी थोर पुरुष, असा त्याचा अर्थविस्तार झाला. त्यांच्या निवासस्थानाला पंथीय परंपरा ‘राजमठ’ म्हणते. पंथाच्या ग्रंथांतून दिसणारे गोविंदप्रभू हे लौकिक दृष्टीने वेड्याप्रमाणे वागणारे पुरुष आहेत : हट्ट करणारे, रुसणारे, मुलांत खेळणारे, मनात येईल ते मागणारे. चक्रधर उत्तरापंथे गेल्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार या राउळांच्या सेवेत एकत्र झाला. त्यात महदाइसा होती.

महदाइसेची ओळख ‘लीळाचरित्रा’च्या वाचकाला करून द्यावयास नको. चक्रधरांना सतत काही ना काही विचारणारी, उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारणारी ही बाई आहे, आणि तिच्या या जिज्ञासेचे कौतुक स्वतः चक्रधरांनीच केले आहे. म्हाइंभटाने लीळा गोळा केल्या तेव्हा ज्यांच्या आठवणी त्याच्या उपयोगी पडल्या त्यांत ती एक होती. ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली रचनाही तिच्या नावावर आहे. अक्षरक्रमाची बंधने स्वतःवर घालून घेऊन कथा सांगणारी स्त्री ‘भाबडी’ म्हणावयाची असेल, तर पंडित कोणाला म्हणावयाचे हे एकदा ठरवावे लागेल.

गोविंदप्रभूंनी एकदा विवाहाची लीळा आरंभिली. राउळांना लग्न करावयाचे आहे असे ठरले आणि भक्तांनी लग्नाची तयारी केली. लग्न म्हटले की धवळे हवेत. ते गाण्याचे काम महदाइसेकडे आले आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. हा प्रसंग गोविंदप्रभूंच्या हयातीतला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आज उपलब्ध असलेल्या धवळ्यांपैकी पूर्वार्ध या प्रसंगाशी निगडित आहे. उत्तरार्ध मागाहूनचा मानला जातो.

या प्रसंगाची घटना नीट न्याहाळावी. एक अधिपती आहे, त्याला राजवाचक नावाने संबोधिले जाते, त्याच्या निवासाला राजमठ हे नाव आहे. त्याच्या घरी मंगलकार्य निघाले आहे. तो आज्ञा करतो. भोवती परिवार बसला आहे. कवयित्री प्रसंगोचित प्रबंध तेथल्या तेथे रचून गाते, आणि अधिपतीचा गौरव करण्यासाठी पुराणातील राजविवाह निवडते. श्रोत्यांसमोरचा गोविंद आणि काव्यातला गोविंद एकच नाव धारण करतात, आणि त्या गोविंदाला ती राणा, म्हणजे राजा, म्हणून गाते. आश्रयदात्याचे नाव नायकाच्या नावात श्लेषाने गुंफण्याची ही युक्ती संस्कृत दरबारी काव्याच्या वाचकाला अपरिचित नाही. गीतप्रकार तर देवगिरीच्या सभेतील संगीतशास्त्राने मान्य केलेलाच होता. येथे राजसभेची कोणती सामग्री कमी आहे? एक राज्य तेवढे कमी आहे.

विषयाची निवडही सहज झालेली दिसत नाही. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. रिद्धपूरही त्याच जिल्ह्यात. म्हणजे महदाइसेने गाइलेला राजवाडा श्रोत्यांच्या मुलखातला होता. आणि या राजवाड्यात काय घडते? राजकन्येचा विवाह तिच्या इच्छेविरुद्ध ठरविला जातो. सभेत तिला बोलता येत नाही. म्हणून ती एका ब्राह्मणाकरवी आपला संदेश द्वारकेला धाडते. भागवताच्या दशम स्कंधातील या कथेचा सर्व भार त्या एका संदेशावर आहे. राजगृहातील स्त्रीजवळ शब्द असतात, पण ते शब्द खरे करावयाचे तर राजगृहाबाहेर पाठवावे लागतात, अशी ही कथा आहे. चौकशा करण्याची खोड असलेल्या महदाइसेला तिच्यातील हा भाग जाणवला नसेल, असे मला तरी वाटत नाही.

याच विषयावर थोड्याच वर्षांनी, १२९२ च्या सुमारास, नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचिले. त्याच्या काव्याची हकिकत ‘स्मृतिस्थळा’त आहे. रामदेवराय यादवाच्या सभेत काव्य वाचले गेले. राजा प्रसन्न झाला आणि हे काव्य माझ्या नावावर कर, ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, असे म्हणाला. नरेंद्राने नकार दिला, आणि पुढे तो नागदेवाचार्यांकडे येऊन महानुभाव झाला. नरेंद्राच्या स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून ही हकिकत आपण सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थ कोणी फारसा पाहत नाही. राजसभेत काव्याची किंमत होते ती कवीच्या नावासकट होते. राजाला ओव्या नको होत्या, ओव्यांवरील नाममुद्रा हवी होती. नरेंद्र नाव वाचवावयासाठी सभा सोडून मठात आला. त्याच मठात त्याच्या आधी एका विधवेचे नाव तिच्या काव्याबरोबर जपले गेले होते, कारण कोणती लीळा कोणी पाहिली, कोणते वचन कोणी ऐकले, कोणत्या प्रसंगी कोण काय म्हणाले, हे नावनिशीवार नोंदविणे ही त्या पंथाची शिस्तच होती. ‘मानसोल्लासा’ने जिला बिननावाची ठेवली, तिला म्हाइंभटाने नाव दिले, भक्तीचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर साक्षीदाराचे नाव लिहावे लागते म्हणून.

काव्य म्हणून दोन्ही कृती शेजारी ठेवल्या तर नरेंद्राचे पारडे जड आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. अलंकारांची श्रीमंती, विरहवर्णनातील सूक्ष्मता, ओवीची घडण यांत तो कितीतरी पुढे आहे. धवळ्यांत वर्णनाचा विस्तार नाही, कथा झरझर पुढे जाते, पुनरुक्ती पुष्कळ आहे. पण ही पुनरुक्ती कागदावर खटकते तशी लग्नघरात खटकली नसेल. धवळा एकीने म्हणावा आणि इतरांनी उचलावा. परत येणारे चरण हे गाणाऱ्या समुदायाचे हक्काचे चरण असतात. नरेंद्राचे काव्य सभेने ऐकावयाचे आहे, महदाइसेचे सभेने गावयाचे आहे. गायच्या काव्याला ऐकावयाच्या काव्याची मापे लावून ‘साधे पण गोड’ असा शेरा मारणे ही वाङ्मयेतिहासकाराची सवय झाली आहे. मला ती सभ्य भाषेतील नापसंती वाटते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. ‘राऊळ’, ‘राणा’ हे शब्द त्या काळी इतके रुळलेले होते की त्यांतून राजसभेचे सूचन काढणे हा अभ्यासकाचा खेळ नव्हे काय? वारकरी कवयित्रींच्या बाबतीत मी हा आक्षेप बहुतांशी मान्य करीन. पंढरीचा राणा म्हणताना कोणाच्या डोळ्यापुढे सिंहासन उभे राहत नसे. जनाबाईचा विठ्ठल तर दळण-कांडणात हात लावणारा आहे, त्याला राजा म्हणणे हाच एक विनोद व्हावा. परंतु धवळ्यांच्या बाबतीत आधार शब्दावर नसून प्रसंगावर आहे. आज्ञा, उत्सव, परिवार, प्रसंगकाव्य, नायकाशी अधिपतीचे अभेदवर्णन हा सगळा आकृतिबंध तेथे आहे, आणि तो शब्द मेले तरी मरत नाही. दुसरा आक्षेप असा घेता येईल की, आज्ञेने रचलेल्या काव्यात कवयित्रीचे स्वातंत्र्य ते काय? तो मी उडवून लावणार नाही. राउळांची आज्ञा ही आज्ञाच होती, आणि महदाइसा त्यांची सेविका होती. पण मग आज्ञेने काव्य रचणाऱ्या सर्वच सभाकवींना तोच न्याय लावावा लागेल. शहाजीराजांच्या सभेतील कवींचे कौतुक करणारा जयराम पिंड्ये आपण पांडित्यासाठी वाचतो आणि महदाइसा भोळेपणासाठी, ही विषमता काही समर्थनीय नव्हे.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. धवळे हे सुवासिनींचे गाणे. लग्नाच्या मांडवात विधवेने पुढे होऊ नये, हळदीकुंकवाच्या कार्यात तिची सावलीही नको, असा आचार महाराष्ट्रात शतकानुशतके पाळला गेला. रिद्धपुरात मात्र मंगलगीतांचा सर्व मान एका विधवेकडे येतो. कोणत्याही खऱ्या राजवाड्यात, यादवांच्या तर नाहीच नाही, असे घडणे शक्य नव्हते. वेड्याच्या खोट्या लग्नात ते घडले. खोट्या राजसभेने कवयित्रीला जे दिले ते खऱ्या राजसभेजवळ देण्यासारखे नव्हतेच.

हा केवळ एका प्रसंगाचा योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण चार शतकांनी तसेच पुन्हा घडते. समर्थसंप्रदायातील वेणाबाई ही बालविधवा. मिरजेच्या मठाची ती अधिपती झाली. सज्जनगडावर तिची समाधी आहे. तिची प्रमुख कृती कोणती, तर ‘सीतास्वयंवर’. पुन्हा विधवा, पुन्हा मठ, आणि पुन्हा जनकाच्या राजसभेतील विवाह. वेणाबाईला धवळे ठाऊक असण्याचा संभव नाही. महानुभावांचे ग्रंथ तोवर सकळा आदि गुप्त लिप्यांत बंद झालेले होते. म्हणजे येथे अनुकरण नाही. मठाच्या आवारात स्त्रीला लेखणी मिळते तेव्हा ती पुराणातील राजसभा उभी करते आणि जेथे तिला प्रवेश नाही त्या मांडवात मंगलाष्टकांच्या वेळी उभी राहते. या दोन स्वयंवरांचा एकत्र अभ्यास कोणी विद्यार्थ्याने हाती घ्यावा असे मला फार दिवस वाटत आले आहे.

मराठी राजसभेत कवयित्री निपजू शकली असती की नाही, याची एक कसोटी इतिहासाने तंजावरला घेतली आहे. तेथे भोसल्यांचे राज्य होते. शहाजीसारखे राजे स्वतः तेलुगूत व मराठीत नाटके लिहीत. प्रतापसिंहाच्या कारकिर्दीत, १७३९ ते १७६३ या काळात, तेथे मुद्दुपळनी ही गणिका कवयित्री झाली. तिचे ‘राधिकासांत्वनमु’ तेलुगूत आहे. काव्याच्या प्रस्तावनेत तिने आपली वंशावळ आजीपासून सांगितली आहे आणि आपल्या विद्वत्तेचा उल्लेख निःसंकोच केला आहे. राजा मराठी, सभा मराठ्यांची, आणि कवयित्री मात्र तेलुगू. याचे कारण राजाच्या भाषेत शोधून उपयोग नाही. नायकांच्या काळापासून तंजावरात विदुषी गणिकांची परंपरा होती. शिक्षण, नृत्य, काव्य आणि काव्यावरील नाव या गोष्टी आजीकडून नातीकडे येत होत्या. राजघराणे बदलले, ती परंपरा टिकली. महाराष्ट्रात स्त्रीला अक्षर आणि नाव देणारी जी परंपरा होती ती पंथांची आणि मठांची होती. राजसभा ही कवयित्री निर्माण करीत नाही. निर्माण झालेलीला जागा देते किंवा देत नाही. इंद्रायणीकाठी बहिणाबाई आत्मचरित्रपर अभंग रचीत होती, ‘वज्रसूची’सारखा ब्राह्मण कोणास म्हणावे याची चिकित्सा करणारा ग्रंथ मराठीत आणीत होती, तो काळ शिवराज्याभिषेकाच्या आगेमागेचाच. रायगडाला तिची गरज भासली नाही. तिलाही रायगडाची भासली नाही. पतीचा राग, मंबाजीचा छळ आणि देहूतील कीर्तन एवढ्यात तिचे जग पुरे होते.

मुद्दुपळनीच्या काव्याचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. बंगळूरच्या नागरत्नम्मांनी १९१० मध्ये त्याची शुद्ध आवृत्ती काढली; १९११ मध्ये सरकारने ते अश्लील ठरवून बंदी घातली, ती १९४७ मध्ये उठली. धवळ्यांवर कोणी बंदी घातली नाही. ते पंथाने गुप्त लिपीत ठेविले आणि विसाव्या शतकात ती लिपी उलगडल्यावर ते मुद्रित झाले. मुद्रित होताच त्यांच्या कर्त्रीला ‘आद्य कवयित्री’ ही पदवी मिळाली, आणि पदवी मिळाल्यावर वाचन थांबले. आमच्या अभ्यासक्रमांतून बहुधा एका व्याख्यानात महदाइसा ‘होते’ आणि पुढील चार व्याख्याने नरेंद्राकडे जातात. हा क्रम बदलावा. एकच कथा, एकाच मुलखातील, एका पिढीच्या अंतराने एका स्त्रीने मठात गाइलेली आणि एका पुरुषाने सभेत वाचलेली; ती प्रसंगवार शेजारी ठेवून शिकविता येईल. आरंभ रुक्मिणीच्या निरोपापासून करावा. निरोप घेऊन जाणारा ब्राह्मण दोन्ही काव्यांत एकच आहे. तो निघतो त्या क्षणी राजवाड्यात मागे राहिलेल्या बाईकडे कोणता कवी किती वेळ पाहतो, हे विद्यार्थ्यांना मोजावयास सांगावे.